रेषीय की अरेषीय? आधी फरकाची ओळ मांडा

सातवी ते नववीच्या मुलांना घरी शिकवणारे आईवडील, नुकतेच गणिताचे तास घेऊ लागलेले शिक्षक आणि स्वतःच्या हिमतीवर अभ्यास करणारी मुलं, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. राज्य मंडळाच्या पुस्तकांत रेषीय आणि अरेषीय फलांचा हा विषय एका धड्यात सलग येत नाही. आठवीत ‘चलन’ येतं, त्याच वर्षी चक्रवाढ व्याज येतं, नववीत दोन चलांतील रेषीय समीकरणं आणि दहावीत वर्गसमीकरणं येतात. प्रत्येक ठिकाणी मूल उदाहरणं सोडवतं आणि गुणही मिळवतं. पण यातलं सरळ रेषेत काय जातं, वळण काय घेतं आणि ते ओळखायचं कशावरून, हा प्रश्न त्याच्यापुढे क्वचितच ठेवला जातो. अमेरिकेत आठवीत शिकणाऱ्या मराठी मुलांना मात्र तो थेट विचारला जातो, आणि इथल्या आजीआजोबांकडून मदत घेताना दोन्हीकडची पद्धत जुळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: सुरुवात व्याख्येपासून करू नका, सूत्रापासून करू नका, आलेखापासूनही करू नका. सारणी मांडा आणि तिच्या खाली फरकाची एक जास्तीची ओळ काढा. सातवीच्या मुलाला वजाबाकी येते. या विषयातलं निम्मं काम तेवढ्यावर होतं.

चिन्हांबद्दल एक सूचना. जी राशी आपण ठरवतो तिला इथे क्ष म्हणू आणि तिच्यावर जी अवलंबून असते तिला य. पुस्तकात या जागी रोमन अक्षरं दिसतील, अर्थ तोच. क्षच्या प्रत्येक किमतीला यची एकच ठरलेली किंमत मिळत असेल, तर य हे क्षचं फल आहे. सुरुवातीला फलाबद्दल एवढं कळलेलं पुरे.

पायरी १: एकाच गोष्टीतून दोन फलं काढा

रांगोळीच्या ठिपक्यांपासून सुरू करा. पाच ठिपके पाच ओळी अशी चौकोनी मांडणी वहीत काढायला सांगा. मग विचारा: दहा ठिपके दहा ओळी काढल्या तर किती ठिपके होतील? हातात वही नसलेलं मूल पटकन ‘पन्नास’ म्हणण्याची शक्यता मोठी असते, कारण पाचाचे दहा झाले म्हणजे सगळंच दुप्पट, असं त्याला वाटतं. लगेच चूक दाखवू नका. दोन ओळींपासून सहा ओळींपर्यंत मांडण्या काढू द्या आणि प्रत्येकीत दोन गोष्टी मोजू द्या: कडेचे ठिपके किती, आणि एकूण ठिपके किती.

ओळी (क्ष): २, ३, ४, ५, ६
कडेचे ठिपके: ४, ८, १२, १६, २०
एकूण ठिपके: ४, ९, १६, २५, ३६

दोन्ही ओळी वाढताहेत आणि दोन्हींची सुरुवात ४ पासूनच आहे. नुसतं ‘वाढतंय’ म्हणून भागत नाही, कसं वाढतंय ते पाहावं लागतं. त्यासाठी प्रत्येक संख्येतून तिच्या आधीची संख्या वजा करा.

कडेच्या ठिपक्यांचे फरक: ४, ४, ४, ४
एकूण ठिपक्यांचे फरक: ५, ७, ९, ११

क्ष सारख्या टप्प्यांनी पुढे गेला आणि यमधला फरक दर वेळी तोच राहिला, तर फल रेषीय. फरक बदलत गेला, तर अरेषीय. व्याख्या हवी असेल तर हीच द्या, पण सारणी काढून झाल्यावर.

इथे घाई करू नका. फरक ५, ७, ९, ११ असेच का येतात, हे मुलानं ठिपक्यांत शोधायला हवं. पाच बाय पाचच्या मांडणीची सहा बाय सहा करायची तर एका बाजूला पाच ठिपक्यांची पट्टी लागते, वरच्या बाजूला पाच ठिपक्यांची पट्टी लागते आणि कोपऱ्यात एक ठिपका. म्हणजे ५ + ५ + १ = ११. मांडणी जितकी मोठी तितकी ही पट्टी लांब, म्हणून भरही दर वेळी जास्त. कडेच्या ठिपक्यांचं तसं नाही. मांडणी कितीही मोठी असो, चार बाजूंना एकेक ठिपका वाढतो, म्हणजे एकूण चारच. अरेषीय वाढीत पुढची भर आत्ता आपण कुठे आहोत यावर ठरते. रेषीय वाढीत तिला त्याचं काही देणंघेणं नसतं. हे मुलानं स्वतःच्या शब्दांत सांगितलं की पुढचा प्रवास सोपा होतो.

पायरी २: ‘दुप्पट’ची कसोटी बाजूला ठेवा

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबतो. आपल्याकडे त्रैराशिकाची सवय फार खोल गेलेली आहे. पाच वह्यांना इतके रुपये तर दहा वह्यांना किती, हे गणित प्राथमिक शाळेपासून हाताला बसलेलं असतं. त्यातून दोन वेगवेगळ्या चुका जन्माला येतात.

पहिली चूक वर पाहिलीच: जे रेषीय नाही त्याला त्रैराशिक लावणं. दुसरी जरा लपलेली आहे. रेषीय म्हणजे ‘क्ष दुप्पट तर य दुप्पट’, असं मुलं धरून चालतात. कडेचे ठिपके पुन्हा पाहा. पाच ओळींना १६, दहा ओळींना ३६. सोळाची दुप्पट ३२ होते, तरीही हे फल पक्कं रेषीय आहे.

सेल्सिअस आणि फॅरेनहाइट हे याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण.

सेल्सिअस: ०, १०, २०, ३०, ४०
फॅरेनहाइट: ३२, ५०, ६८, ८६, १०४

फरक सगळीकडे १८. म्हणजे रेषीय. पण १० चे २० झाले तेव्हा ५० चे १०० झाले नाहीत, ६८ झाले. कारण सुरुवात शून्यावर नाही, ३२ वर आहे. य = १.८क्ष + ३२ या सूत्रात हा ३२ उघड दिसतो.

आठवीत ज्याला समचलन म्हणतात ते रेषीय फलांचं एक खास कुटुंब आहे: ज्यांची रेषा आरंभबिंदूतून, म्हणजे क्ष आणि य दोन्ही शून्य असलेल्या बिंदूतून, जाते ती फलं. दुप्पटची कसोटी फक्त त्यांनाच लागू पडते. प्रत्येक समचलन रेषीय असतं, प्रत्येक रेषीय फल समचलन नसतं. हे वाक्य पाठ करून घेण्यापेक्षा तापमानाची सारणी दोनदा काढून घ्या. आणि कोणी चुणचुणीत मूल असेल तर त्याला विचारा, दोन्ही मापांत एकच आकडा कधी येईल? उणे ४० वर. तिथवर तो सारणी मागे मागे नेत स्वतः पोहोचतो, समीकरण सोडवावं लागत नाही.

पायरी ३: टप्पे सारखे आहेत का ते तपासा

फरकाची ओळ तेव्हाच खरं बोलते जेव्हा क्षचे टप्पे सारखे असतात. परीक्षेत मुद्दाम असे आकडे देतात:

क्ष: १, २, ४, ७
य: ५, ८, १४, २३

यचे फरक ३, ६, ९. वाटतं, अरेषीय. पण क्षचे फरक पाहा: १, २, ३. आता यमधला फरक भागिले क्षमधला फरक करा: ३, ३, ३. फल रेषीय आहे, य = ३क्ष + २. या भागाकारालाच पुढे चढ म्हणतात. नववी-दहावीत हा शब्द येईल तेव्हा मुलाला तो आधीच ओळखीचा असेल.

म्हणून सवय अशी लावा: आधी क्षची ओळ वाचायची, मग यची. टप्पे सारखे असतील तर नुसता फरक पुरे, नसतील तर भागाकार.

पायरी ४: फरक बदलतोय तर कसा बदलतोय?

‘अरेषीय’ हे एका जातीचं नाव नाही. रेषीय नाही ते सगळं अरेषीय, त्यामुळे यात नाना तऱ्हेची फलं येतात. शाळेच्या पातळीवर तीन ओळखता आली तरी खूप झालं.

पहिली जात वर्गाची. फरकांचेही फरक काढा. एकूण ठिपक्यांचे फरक ५, ७, ९, ११ होते, त्यांचे फरक २, २, २. दुसरा फरक स्थिर आला की सूत्रात क्षचा वर्ग आहे असं समजा. गॅलिलिओनं पडत्या वस्तूंच्या अभ्यासात हेच पाहिलं. त्यानं उतरत्या पाटावरून गोळे सोडले आणि १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडलं की सारख्या वेळांत कापलेली अंतरं १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात असतात. आजच्या मापांत हवेचा अडथळा सोडून पाहू. सोडलेली वस्तू १ सेकंदात ४.९ मीटर, २ सेकंदांत १९.६, ३ सेकंदांत ४४.१ आणि ४ सेकंदांत ७८.४ मीटर खाली येते. फरक १४.७, २४.५, ३४.३. त्यांचे फरक ९.८, ९.८. विज्ञानाच्या तासाला भेटणारं गुरुत्वत्वरणाचं ९.८ इथे गणिताच्या वहीत फरकाच्या ओळीतून बाहेर येतं. मुलांना हे स्वतः काढू द्या, सांगून टाकू नका.

दुसरी जात चक्रवाढीची. १०,००० रुपये मुद्दल, द.सा.द.शे. १०. सरळव्याजानं रास वर्षागणिक ११,०००, १२,०००, १३,०००, १४,००० होते. फरक १,०००, कायम. चक्रवाढीनं ११,०००, १२,१००, १३,३१०, १४,६४१. फरक १,१००, १,२१०, १,३३१. त्यांचे फरक काढले तर ११० आणि १२१, म्हणजे दुसरा फरकही स्थिर नाही. इथे वजाबाकी सोडा आणि भागाकार करा. प्रत्येक रास आधीच्या राशीच्या १.१ पट आहे. गुणोत्तर स्थिर असेल तर क्ष घातांकात बसलेला असतो. सरळव्याजात व्याज मूळ मुद्दलावर लागतं, चक्रवाढीत मागच्या वर्षीच्या राशीवर, आणि रास तर बदलत राहते. पुढची भर आत्ताच्या स्थितीवर ठरते, हे पहिल्या पायरीतलं वाक्य पुन्हा इथे लागू पडतं.

तिसरी जात व्यस्त चलनाची. एक काम एका मजुराला २४ दिवस लागतं, तर २ मजुरांना १२, ३ ना ८, ४ ना ६. फरक १२, ४, २. घट आहे, पण सारखी नाही. इथे क्ष आणि य यांचा गुणाकार करा: दर वेळी २४. या प्रकारात मुलं फसतात ती ‘एक वाढतं आणि दुसरं कमी होतं, म्हणजे उलटं रेषीय’ असं म्हणून. सरळ उताराची रेषा असती तर दर मजुरामागे सारखेच दिवस कमी झाले असते, आणि काही मजुरांनंतर काम शून्य दिवसांत झालं असतं. हे अशक्य आहे, हे मूल स्वतः बोलून दाखवतं.

या तिन्हींत न बसणारी सारणी आली तर ओढूनताणून बसवू नका. ‘अरेषीय आहे, प्रकार माहीत नाही’ हे पूर्ण आणि बरोबर उत्तर आहे.

घट दाखवायला एक प्रयोग घरी जरूर करा. सरळ बाजूंची पारदर्शक प्लास्टिकची बाटली घ्या, तळाजवळ दाभणानं भोक पाडा, उभी पट्टी चिकटवा आणि दर अर्ध्या मिनिटाला पाण्याची उंची लिहा. बाटलीचं झाकण उघडं ठेवा, नाहीतर धार अडते. पाणी भरलेलं असताना धार जोरात असते, पातळी उतरली की मंदावते, म्हणून उंचीतली घट कमी कमी होत जाते. गॅलिलिओचा सहकारी टॉरिसेली यानं सांगितलेल्या नियमानुसार १६ सेंटिमीटरची पातळी चार मिनिटांत उतरणार असेल तर उंची १६, ९, ४, १, ० अशी असायला हवी. तुमचे आकडे इतके नेटके येणार नाहीत, कारण घर्षण आहे, डोळ्यानं वाचण्यातली चूक आहे. तरी घट मंदावत जाते हे स्पष्ट दिसेल. तीच बाटली ठरावीक गतीच्या पंपानं उपसली, तर मिनिटाला तितकंच पाणी जातं आणि घट रेषीय होते. पाणी तेच, बाटली तीच, पण फल वेगळं.

पायरी ५: आता आलेख

आलेख कागद आता काढा. फरकाची ओळ समजलेल्या मुलाला आलेख म्हणजे त्या ओळीचं चित्र वाटतं: सारखा फरक म्हणजे सारखा चढ, म्हणजे रेषा. वाढत जाणारा फरक म्हणजे अधिकाधिक उभी होत जाणारी वक्ररेषा.

निदान पाच बिंदू घ्या. दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते, त्यानं काहीच सिद्ध होत नाही. पट्टी लावण्याआधी बिंदू नजरेनं जोडून पाहायला सांगा, कारण पट्टी हातात आली की मुलं दोन-दोन बिंदू जोडत मोडकी रेषा काढतात आणि तिलाच आलेख म्हणतात. अक्षांवरचं प्रमाण कोपऱ्यात लिहायची सक्ती करा. ठिपक्यांच्या आलेखात मात्र बिंदू जोडू नका, फार तर तुटक रेषा दाखवा, कारण अडीच ओळींची रांगोळी नसते.

आलेखावर एका मर्यादेपलीकडे विसंबता येत नाही, हेही सांगायला हवं. वक्ररेषेचा छोटा तुकडा सरळ दिसतो. याचा सर्वांत सुंदर दाखला आपल्याकडचाच आहे. आर्यभटानं सन ४९९ च्या आपल्या ग्रंथात ज्या-सारणी दिली, म्हणजे आजच्या भाषेत साइनची सारणी. पण त्यानं प्रत्येक ज्येची किंमत दिलीच नाही, फक्त लागोपाठच्या किमतींमधले फरक दिले. काटकोनाचे २४ सारखे भाग, प्रत्येक भाग २२५ कलांचा (एका अंशाच्या ६० कला), आणि प्रत्येक भागासाठी एक फरक: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९ आणि असेच उतरत शेवटी ५१, ३७, २२, ७. सगळे मिळवले की ३४३८ येतात, ती त्यानं धरलेली त्रिज्या. पहिले दोन फरक पाहा, २२५ आणि २२४. तेवढाच तुकडा कोणी आलेखावर काढला तर तो पट्टीनं ओढल्यासारखा सरळ दिसेल. शेवटचे फरक पाहिले की कळतं, ही रेषा तर जवळजवळ आडवी व्हायला आली आहे. डोळ्याला जे दिसत नाही ते फरकाच्या ओळीत पंधराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे. आठवीच्या मुलाला साइन शिकवायची गरज नाही, पण हे २४ आकडे फळ्यावर लिहून ‘हे रेषीय आहे का?’ एवढं नक्की विचारावं.

पायरी ६: सूत्र पाहून ओळखणं

सूत्र रेषीय असेल तर ते साधं रूप दिल्यावर य = मक्ष + क असं बसतं. म म्हणजे चढ, क म्हणजे क्ष शून्य असताना यची किंमत. क्षचा वर्ग वा घन असेल, क्ष छेदात असेल, वर्गमुळात असेल, घातांकात असेल, तर अरेषीय.

‘साधं रूप दिल्यावर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. य = ३(क्ष + २) − क्ष हे कंसामुळे भीतीदायक दिसतं, पण ते २क्ष + ६ आहे. य = क्ष(क्ष + १) − क्ष × क्ष यात वर्ग दिसतो, पण तो उडून जातो आणि उरतो फक्त य = क्ष. उलट क्ष × य = २४ यात एकही घातांक दिसत नाही, म्हणून मुलं रेषीय म्हणतात. य एकटा करून पाहा: य = २४ ÷ क्ष. क्ष छेदात आला.

दोन कडेच्या गोष्टी. य = ५ हेही याच रूपात बसतं, चढ शून्य, रेषा आडवी. क्ष = ५ ही उभी रेषा आहे, सरळ आहे, पण फल नाही, कारण क्षच्या एकाच किमतीला यच्या असंख्य किमती आहेत.

पायरी ७: दोन फलांची तुलना

परीक्षेत एक फल सूत्रानं देतात, दुसरं सारणीनं किंवा शब्दांत, आणि विचारतात: कोणतं जास्त वेगानं वाढतं? मार्ग एकच, दोघांनाही एकाच सारणीत आणा.

समजा १०,००० रुपयांवर एक योजना दरवर्षी सरळ १,५०० रुपये देते आणि दुसरी चक्रवाढीनं १० टक्के. आधी अंदाज घ्या, कोणती चांगली? पहिल्या वर्षाअखेर ११,५०० विरुद्ध ११,०००. पाचव्या वर्षाअखेर १७,५०० विरुद्ध १६,१०५. आठव्या वर्षाअखेर २२,००० विरुद्ध सुमारे २१,४३६. पहिली अजूनही पुढेच आहे. नवव्या वर्षाअखेर २३,५०० विरुद्ध सुमारे २३,५७९. इथे दुसरीनं गाठलं, आणि यापुढे अंतर वाढतच जातं. ‘कोणतं मोठं’ आणि ‘कोणतं जास्त वेगानं वाढतं’ हे वेगळे प्रश्न आहेत. वेगाच्या बाबतीत दुसरीनं आधीच मजल मारलेली होती: पाचव्या वर्षाच्या अखेरपर्यंत तिची वार्षिक भर १,४६४ होती, सहाव्या वर्षात ती १,६१०, म्हणजे १,५०० च्या वर गेली. फरकाच्या ओळीत ही गोष्ट तीन वर्षं आधी दिसते.

तुकड्यातुकड्यांची फलं

रोजच्या जगण्यातली पुष्कळ फलं तुकड्यातुकड्यांत रेषीय असतात, आणि पुस्तकं यांच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार रिक्षाचं भाडं पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. म्हणजे दीड किलोमीटरपर्यंत रेषा आडवी, त्यानंतर चढती. प्रत्येक तुकडा सरळ, पण अख्खं फल रेषीय नाही. महावितरणचं घरगुती वीजबिलही असंच: पहिल्या १०० युनिटना एक दर, १०१ ते ३०० ना त्याहून जास्त, आणि पुढे आणखी जास्त. घरातलं एक बिल घेऊन मुलासोबत बसा आणि २०० युनिटचा वीज आकार १०० युनिटच्या दुपटीपेक्षा जास्त का, हे त्यालाच काढू द्या.

सरावाला पाच प्रश्न

(अ) परिमिती २४ सेंटिमीटर असलेल्या आयताची लांबी १, २, ३, ४, ५, ६, ७ सेंटिमीटर घेतली तर क्षेत्रफळ रेषीय आहे का?
(आ) चौरसाची परिमिती आणि क्षेत्रफळ यांपैकी रेषीय कोणतं? दोन्ही आकडे कधी सारखे येतात?
(इ) क्ष: ०, ५, १०, २० आणि य: ४०, ३०, २०, ०. रेषीय आहे का?
(ई) य = (क्ष + १)(क्ष − १) − क्ष × क्ष + ४क्ष. रेषीय आहे का?
(उ) कागद मधोमध दुमडत गेलं तर थर १, २, ४, ८, १६ होतात. दुसरे फरक स्थिर आहेत का?

उत्तरं. (अ) क्षेत्रफळ ११, २०, २७, ३२, ३५, ३६, ३५. फरक ९, ७, ५, ३, १, उणे १. अरेषीय, दुसरा फरक उणे २, म्हणून वर्गाचं. सर्वांत मोठं क्षेत्रफळ लांबी ६ असताना, म्हणजे चौरसाचं. (आ) परिमिती रेषीय, ४क्ष, आणि समचलनही. बाजू ४ असताना दोन्ही आकडे १६, पण एक सेंटिमीटर आणि दुसरं चौरस सेंटिमीटर, तेव्हा ‘समान आहेत’ असं लिहू देऊ नका. (इ) टप्पे असमान आहेत. भागाकार केला की तिन्ही वेळा उणे २ येतं, म्हणून रेषीय, य = ४० − २क्ष. (ई) कंस सोडवल्यावर वर्ग जातो, उरतं ४क्ष − १, म्हणून रेषीय. (उ) फरक १, २, ४, ८ आणि त्यांचे फरक १, २, ४. कितीही वेळा फरक काढा, तीच ओळ परत येते. ती स्थिर होणार नाही, कारण इथे स्थिर आहे ते गुणोत्तर, २. मुलाला तिसरे आणि चौथे फरकही काढू द्या. ओळ का संपत नाही, हे त्यानं विचारलं तर चक्रवाढ व्याजाच्या सारणीकडे न्या आणि दोन्हींत सारखं काय आहे ते शोधायला सांगा.